आठ मिनिटांची किंमत

कोल्हापूर ते कागल हे अंतर साधारण २० किलोमीटर आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल चालवणारा ते ४८ मिनिटांत कापतो आणि ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा ४० मिनिटांत. फरक पडतो तो आठ मिनिटांचा. अशा आठ-आठ मिनिटांसाठी आमच्या एका तरुणाने दोन वर्षे स्वतःच्या देहाची आणि संसाराची जी ओढाताण केली, ती मी जवळून पाहिली. त्या ओढाताणीला माझाही थोडा हातभार लागला. म्हणून हा विषय काहीशा संकोचानेच वाचकांपुढे मांडीत आहे.

पुणे-बेंगळूरु महामार्गालगत, कर्नाटकची सीमा जेथून जवळच आहे, तेथे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. ‘पंचतारांकित’ हा शब्द ऐकून वसईकडच्या माझ्या एका नातेवाइकाला तेथे मोठमोठी हॉटेले असावीत असे वाटले होते. प्रत्यक्षात तेथे कापडाचे, इंजिनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत, यंत्रांची घरघर आहे आणि पाळ्यांच्या हिशेबाने झोपणारी-उठणारी माणसे आहेत. पाळी सुटली की रस्ते कंपन्यांच्या बसगाड्यांनी व मोटारसायकलींनी भरून जातात. सुट्टीच्या पहाटे मात्र तेच रुंद रस्ते मोकळे असतात. एका पिढीपूर्वी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला येणारा कामगार हँडलला डबा अडकवून सायकलनेच येत असे, आणि मोटारसायकल घेण्याची ऐपत आली त्या दिवशी त्याने ती सायकल आनंदाने अडगळीत टाकली. आता डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते अशी मंडळी डोक्याला हेल्मेट आणि अंगाला घट्ट कपडे घालून पहाटे सायकली दामटताना दिसतात. त्यांतल्या काही सायकलींची किंमत त्या कामगाराच्या मोटारसायकलीहून अधिक असते. काळाचा हा विनोद मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे.

आमचा तरुण या दोन जगांच्या मधला. (त्याचे नाव येथे देत नाही, तो हे वाचणार आहे.) वसाहतीतल्या एका कारखान्यात तो संगणकीय यंत्रावर काम करतो. वडील आयुष्यभर सायकलवरून कामाला गेले. पत्नी हुपरीची, चांदीच्या पैंजणांचे जोडकाम ती घरी बसून करते. एक मुलगा, चार वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी कोणा साहेबाची वापरलेली गिअरची सायकल त्याने हप्त्याने विकत घेतली आणि वर्षभरात २०० किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ पूर्ण केली. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो: ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांच्या आत, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी नोंद करीत, स्वतःच्या बळावर पुरे करायचे असते. पहिला, दुसरा असे क्रमांक नसतात. साडेसात तासांत पोचणाऱ्याला आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांनी पोचणाऱ्याला मान एकच. मूळ कल्पना फ्रान्समधली. तेथे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही १,२०० किलोमीटरची सफर १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली आणि आता ती हौशी सायकलस्वारांची झाली आहे. दर चार वर्षांनी भरणाऱ्या या सफरीला भारतातूनही अनेक जण जातात.

त्याला ११ तास ४० मिनिटे लागली होती. रविवारच्या मिस्सेनंतर सूचना देताना मी त्याचे नाव घेऊन कौतुक केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो लाजला आणि मला वाटते, त्याच क्षणी दहा तासांचा आकडा त्याच्या मनात शिरला. क्रमांक नसलेल्या खेळात त्याने स्वतःसाठी एक क्रमांक निर्माण केला.

पुढचे वर्ष त्याने जे केले ते बहुतेक कष्टाळू माणसे करतात. तो रोज जोरात सायकल चालवू लागला. रोज म्हणजे रोज. पहिली पाळी असली तर संध्याकाळी, दुसरी असली तर पहाटे, रात्रपाळी असली तर पाळी संपल्यावर घरी न जाता थेट रस्त्यावर. लक्ष्मी टेकडीचा चढ तो घड्याळ लावून चढे. मोबाइलवर एक ॲप असते. कोणत्या तुकड्यावर कोणाला किती वेळ लागला याची यादी ते सर्वांना दाखवते. त्या यादीत आपले नाव वर सरकावे म्हणून तो झिजत होता. गुडघा दुखू लागला तेव्हा वेदनाशामक गोळी घेऊन निघू लागला. आणि नवल असे की पहिल्या तीन महिन्यांनंतर त्याचा वेग वाढेना. उलट कमी होऊ लागला. तेव्हा त्याने कष्ट आणखी वाढवले.

गळीत हंगामातल्या एका सकाळी, रात्रपाळीनंतर, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो मागून आदळला. त्याचा डोळा लागला होता. हनुवटीला टाके पडले आणि कॉलरबोन मोडले. सहा आठवडे यंत्रावर उभे राहता येणार नव्हते आणि त्याची नोकरी कंत्राटी; कामावर गेले तर पगार. त्या सहा आठवड्यांत हुपरीहून येणारे पैंजणांचे काम त्याच्या पत्नीने दुप्पट घेतले. मी भेटायला गेलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि ती दिव्याखाली मान वाकवून कड्या जुळवीत होती.

तो म्हणाला, “फादर, एक विचारू का? वेगाची हौस म्हणजे पाप का हो?”

मी काही बोलण्याआधी ती मान वर न करता म्हणाली, “पापबिप मला ठाऊक नाही, फादर. हे घरी असले तरी घरात नसतात, एवढं मला कळतं.”

त्या रात्री मला दोघांनाही धड उत्तर देता आले नाही. पुण्यातल्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाची दोन वर्षे मीही सायकलवरूनच काढली होती, आणि पाठीवर वारा असताना लांब सरळ रस्त्यावर जो आनंद होतो तो मला माहीत होता. तो आनंद पाप आहे असे मला म्हणवेना. तो निष्पाप आहे असे त्या दिव्याकडे पाहून म्हणवेना.

खेळाविषयी आपल्या परंपरेत जे सांगितले गेले आहे ते आपण समजतो तेवढे रुक्ष नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळावर स्वतंत्र प्रश्न चर्चेला घेतला आहे, आणि खेळाचा अतिरेक हा जसा दोष तसा खेळाचा पूर्ण अभाव हाही दोषच, असे त्यांनी ठरवले आहे. तेथे त्यांनी जॉन कॅसियन यांनी सांगितलेली एक जुनी गोष्ट घेतली आहे. संत योहान आपल्या शिष्यांसह विरंगुळ्यात रमलेले पाहून काहींना ते खटकले. योहानांनी त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. पुन्हा पुन्हा सोडायला लावल्यावर विचारले, असेच अखंड करीत राहशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. ही गोष्ट आपण विरंगुळ्याच्या समर्थनासाठी सांगतो. मला मात्र त्या तरुणाच्या गळ्यातल्या झोळीकडे पाहताना ती वेगळ्याच अर्थाने आठवली. त्याने विरंगुळ्याचेच धनुष्य करून ते अखंड ताणले होते.

ॲरिस्टॉटलने मध्यममार्ग समजावताना व्यायामशाळेतलाच दाखला दिला आहे. एखाद्याला दहा माप अन्न फार होते आणि दोन माप थोडे पडते, म्हणून शिक्षक सर्वांना सरसकट सहा माप देत नाही. कारण तेवढे मिलो या विख्यात मल्लाला अपुरे पडेल आणि नवशिक्याला जड जाईल. मध्य हा वस्तूचा नसतो, माणसाचा असतो. कोल्हापूरकरांना हे सांगायला ॲरिस्टॉटल कशाला हवा? शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले त्याच्याही आधीपासून इथल्या तालमींतले वस्ताद हेच करीत आले आहेत. नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणी हजार जोर मारायला लावीत नाही. पोराची छाती, खुराक, झोप पाहून मेहनत ठरते, आणि मेहनतीइतकाच विसावाही वस्तादच ठरवतो. आमच्या तरुणाला वस्ताद नव्हता. त्याने मोबाइलवर कुठल्या तरी विजेत्याचा कार्यक्रम वाचला आणि मिलोचे जेवण स्वतःच्या ताटात वाढून घेतले.

पुढच्या काही महिन्यांत, हाड सांधेपर्यंत, आम्ही दोघांनी या विषयावर बरेच वाचले. कोल्हापुरातल्या एका अनुभवी सायकलस्वार डॉक्टरांनीही वेळ दिला. जे कळले त्यातले बरेचसे मला शरीरशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राचेच वाटले.

पहिली गोष्ट ही की व्यायामाने शरीर बळकट होत नाही. व्यायामाने ते थकते. बळकट होते ते नंतरच्या विश्रांतीत. व्यायाम म्हणजे शरीराला दिलेली हाक, आणि तिला उत्तर द्यायला शरीराला झोप, अन्न आणि अवधी लागतो. रोज नवी हाक दिली तर आधीच्या हाकेचे उत्तर अर्धवट राहते. म्हणूनच तीन महिन्यांनंतर तो मंदावला होता. सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जलद असणे, चिडचिड, झोप न लागणे ही सारी लक्षणे त्याच्यात होती. पत्नीला ती दिसत होती. त्याला फक्त घड्याळ दिसत होते.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण. वेगवान व्हायचे असेल तर बहुतेक दिवस सावकाश जावे लागते. नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या धावपटूंचा, नौकापटूंचा, सायकलपटूंचा सराव अभ्यासला, तेव्हा त्यांना आढळले की त्यांच्या सरावाच्या दर पाच फेऱ्यांपैकी सुमारे चार अगदी हलक्या असतात. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता येतील इतक्या. अशा लांब, हलक्या सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, स्नायूंतले केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधल्या ऊर्जेच्या सूक्ष्म भट्ट्या वाढतात. उरलेली एखादी-दुसरी फेरी मात्र खरोखर कठीण हवी: चार-चार मिनिटांचे चार-पाच टप्पे, दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये इतके जोरकस, आणि प्रत्येकामध्ये तीन मिनिटे संथ. ज्याला आठवड्याला पाच-सहा तासच मिळतात त्याने हे प्रमाण काटेकोर पाळावे की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण कठीण दिवस दोनाहून अधिक नसावेत आणि ते लागोपाठ नसावेत, यावर सहसा दुमत नाही. हौशी माणसाचे चुकते ते इथेच. त्याची हलकी फेरी पुरेशी हलकी नसते, म्हणून कठीण फेरीच्या दिवशी पायांत काही उरत नाही. सारा आठवडा एकाच मध्यम दमछाकीत जातो.

आता प्रश्न असा की सावकाश जाणे इतके सोपे असताना ते जमत का नाही? वसाहतीतल्या त्या रस्त्यावर मी ते पाहिले आहे, आणि अनुभवलेही आहे. कारण मधल्या काळात मीही एक साधी सायकल घेतली होती. आपण ठरवून ताशी १८ किलोमीटरने जात असतो. मागून कोणी तरी येतो, ‘काय फादर, सावकाश?’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या क्षणी पाय आपोआप जड दाबू लागतात. पन्नाशी ओलांडलेल्या, धर्मसेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाचे पाय! एकदा अशाच ईर्षेने एका तरुण टोळक्याच्या मागे लक्ष्मी टेकडी चढायला गेलो आणि अर्ध्यावर उतरून सायकल ढकलीत नेली. छातीतली धडधड थांबेपर्यंत मला स्वतःविषयी बरेच काही कळले.

अक्वायनस यांनी वृथाभिमानाची जी चिकित्सा केली आहे तिच्यात एक बारकावा आहे. कीर्ती ज्या गोष्टीबद्दल हवी ती गोष्ट क्षुल्लक असेल, किंवा ज्यांच्याकडून हवी त्यांचा निर्णय भरवशाचा नसेल, तर ती कीर्तीची इच्छा पोकळ ठरते. मोबाइलवरच्या त्या यादीला दोन्ही कसोट्या लावून पाहाव्यात. तुकडा दीड-दोन किलोमीटरचा, आणि पाहणारे अनोळखी. शिवाय तिथे हलक्या फेरीचाही वेग सर्वांना दिसतो. आज मी मुद्दाम हळू गेलो हे त्या यादीला सांगता येत नाही. आमच्या तरुणाला सर्वांत अवघड गेले ते चार मिनिटांचे कठीण टप्पे नव्हेत. मंगळवारी ताशी १९ किलोमीटरची नोंद सर्वांना दिसू देणे हे त्याला अवघड गेले. दोन आठवडे तो त्या नोंदी लपवून ठेवीत होता. मग कंटाळून त्याने ते ॲपच काढून टाकले. त्याच्या जागी एक वही आली. तिच्यात तो अंतर, वेळ, झोपेचे तास आणि सकाळची नाडी लिहितो.

वेगाचे काही उपाय तर फुकटचे आहेत, आणि त्याने ते केलेच नव्हते. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा. वाऱ्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे २५ वरून ३० वर जायला केवळ वाऱ्यापुरती जवळजवळ पावणेदोन पट शक्ती हवी. वर सांगितलेल्या आठ मिनिटांची ही किंमत. ती पायांतून काढण्याआधी कोपरे वाकवून, पाठ खाली नेऊन, फडफडणारा शर्ट बदलून बरीचशी वाचवता येते. सीटची उंची अशी हवी की पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. त्याची सीट बोटभर खाली होती; गुडघ्याचे दुखणे तिथले होते आणि उपाय गोळीत शोधला जात होता. या गोळ्यांविषयी मला भीती वाटते ती सांगून टाकतो. १९६७ साली फ्रान्समधल्या माँ व्हाँतू पर्वतावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू उन्हात कोसळून मेला, तेव्हा त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य सापडले होते. आपण त्याला फसवणूक म्हणतो आणि आपल्या साध्या गोळीला औषध. पण घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात काही वेदनाशामके मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि शरीर जे ओरडून सांगत आहे त्याचे तोंड दाबणे हा हेतू दोन्हीकडे सारखाच असतो.

खाण्याचेही तसेच. जोरकस श्रमात स्नायूंमधला साखरेचा साठा दीड-दोन तासांत संपत येतो. म्हणून पहिल्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय वा साखरयुक्त अन्न पोटात जायला हवे. एक केळे आणि कोल्हापुरी गुळाचा खडा, आणि मिठाच्या चिमटीसह पाणी, यात ते भागते. तो उपाशीपोटी निघत असे. त्यात काही तरी तपश्चर्या आहे असे त्याला वाटे. उपवासाचे स्थान निराळे आहे, आणि ते २०० किलोमीटरच्या वाटेवर नाही.

रांगेत, दुसऱ्याच्या मागच्या चाकाजवळ राहून चालवले तर शक्तीची सुमारे पाव ते एक तृतीयांश बचत होते. यात एक लहानसे न्यायशास्त्र दडलेले आहे. जो पुढे असतो तो वारा झेलतो. म्हणून पाळीपाळीने प्रत्येकाने पुढे यायचे असते. दमलेल्याला सूट मिळते, तिला कोणाची हरकत नसते. पण जो धडधाकट असून सारी वाट दुसऱ्यांच्या आडोशाने येतो आणि शेवटच्या किलोमीटरला सर्वांना मागे टाकतो, त्याच्याशी पुढच्या वेळी कोणी बोलत नाही. नियम कुठे लिहिलेला नाही.

हे मी त्याला समजावीत असताना त्याची पत्नी चहा घेऊन आली होती. ती ऐकत उभी राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे घरात वारा मीच झेलतेय की.”

मला वाटते, सारा प्रश्न इथे येऊन पोचला. वेगाची हौस पाप आहे का, या प्रश्नाचे उत्तर सायकलीत शोधून मिळणार नव्हते. ती हौस कोणाच्या आडोशाने चालली आहे, हे पाहायला हवे होते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. ‘एकट्याने’ हा शब्द आपण सहज लिहितो. पण त्या शर्यतीत प्रत्येक स्वारामागे मोटारगाडी असते, आणि तिच्यात खाणे देणारी, वाट दाखवणारी, झोप मोजणारी माणसे असतात. त्यांची नावे घेतली जातात, त्यांचे आभार मानले जातात. हौशी माणसामागेही असा चमू असतोच. फक्त त्याला आपण चमू आहोत हे कोणी सांगितलेले नसते, आणि त्याची संमती विचारलेली नसते.

इथे इटलीच्या जिनो बार्तालीची गोष्ट सांगण्याचा मोह मला झाला होता. फ्लॉरेन्सचा हा भाविक कॅथोलिक सायकलपटू १९३८ साली फ्रान्सची महान शर्यत जिंकला. मग युद्ध आले आणि उमेदीची वर्षे गेली. १९४३-४४ मध्ये, फ्लॉरेन्सच्या कार्डिनल दल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून, ज्यूंचे प्राण वाचवणारी बनावट ओळखपत्रे सायकलीच्या नळीत लपवून तो असिसीपर्यंत नेत असे. अडवणाऱ्या शिपायांना वाटे की विजेता सराव करतो आहे. १९४८ साली, दहा वर्षांनी, तो तीच शर्यत पुन्हा जिंकला. आणि युद्धकाळातल्या या कामाविषयी २००० साली मृत्यू येईपर्यंत फारसे बोलला नाही. २०१३ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्याला मरणोत्तर सन्मान दिला. गोष्ट मोठी आहे, पण ती सांगून आमच्या तरुणाला गप्प करणे सोयीचे असले तरी न्यायाचे झाले नसते. त्याच्या पत्नीला घरात वीर नको होता. मंगळवारी मुलाला बालवाडीत सोडायला आणि गुरुवारी पिण्याचे पाणी भरायला माणूस हवा होता.

म्हणून आम्ही तिघांनी बसून हिशेब केला. ती बसली, हे महत्त्वाचे. आठवड्याला सहा तास ठरले, आणि कोणते ते तिने ठरवले. दोन फेऱ्या तासातासाच्या, हलक्या. एक फेरी कठीण टप्प्यांची, पण फक्त पहिल्या किंवा दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात. एक लांब फेरी, सुट्टीच्या पहाटे, मिस्सेच्या वेळेआधी परत येण्याच्या अटीवर. ही अट मी घातली नाही, तिने घातली. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी आधी झोप, आणि सायकल चालवायचीच तर संध्याकाळी हलकी. अंतर वाढवायचे ते आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास, आणि दर चौथा आठवडा हलका. ब्रेव्हेच्या आधीचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणायचे. या शेवटच्या कलमावर तो सर्वांत जास्त भांडला. परीक्षेच्या आधी अभ्यास कमी करायचा, हे त्याच्या कष्टाळू मनाला पटेना. सायकलीच्या मागे लाल दिवा लागला, आणि गळीत हंगामात उजाडल्याशिवाय महामार्गावर जायचे नाही असे ठरले.

माझ्याही वाट्याला एक कलम आले. मिस्सेनंतर कौतुक करायचेच असेल तर दोघांचे करायचे, नाही तर करायचे नाही. मी ते मान्य केले. खरे सांगायचे तर त्या पहिल्या टाळ्यांच्या वेळी ती बाकाच्या टोकाला मुलाला घेऊन बसली होती, आणि माझे तिकडे लक्षही गेले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात त्याने पुन्हा २०० किलोमीटर केले. पहिले ५० किलोमीटर त्याला पुष्कळ लोक मागे टाकून गेले आणि त्याने त्यांना जाऊ दिले. हे त्याने मला दोनदा सांगितले. तवंदी घाटात त्यांतले काही पुन्हा भेटले. एकूण १० तास २६ मिनिटे लागली. दहा तासांचा आकडा अजून हुकलेलाच आहे आणि तो त्याला सलतो, हे त्याच्या वहीत दिसते. पुढच्या ब्रेव्हेची तारीख जाहीर झाली तेव्हा त्याने ती घरी सांगितली. त्याच रविवारी हुपरीला तिच्या माहेरी बारसे आहे. पैसे भरायची मुदत संपायला अजून आठवडा आहे. परवा भेटला तेव्हा त्याने काही ठरवले नव्हते, आणि या वेळी त्याने मला विचारलेही नाही.